आदेच्या बाणांचं वजन

आदेला गावात नेमबाज सगळे म्हणत, शिकारी कुणी म्हणत नसे. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो आदेलाही ठाऊक होता, पण तरुणपणी त्याने तो कधी मनाला लावून घेतला नाही.

नू नदीची दरी जिथे इतकी अरुंद होते की पलीकडच्या काठावर कोंबडा आरवला तर अलीकडे ऐकू यावा, आणि तरी पलीकडे जायचं तर दोराला लटकून घसरतच जावं लागावं, तिथे उतारावर त्याचं घर होतं. तिथली बरीच घरं लिसू या डोंगरी जमातीच्या मधमाशी कुळातली. आदे त्यातलाच, बापाचा दुसरा मुलगा. बाप रानतुतीच्या लाकडाची धनुष्यं करायचा. ती दांड्यावर आडवी बसवलेली असत. दोरी ओढून खाचेत अडकवायची, खोबणीत बाण ठेवायचा आणि खालची खिट्टी दाबायची. बापाचं स्वतःचं धनुष्य ओढायला दोन्ही पाय लावावे लागत. बाण तो जुन्या चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, बुडाकडच्या भागाचे करी. ते जाड आणि वजनदार असत.

आदेने बापाचं सगळं उचललं, तेवढे बाण उचलले नाहीत. चिव्याच्या शेंड्याकडची कोवळी, पातळ पेरं तो निवडायचा, धुरात वाळवून सुईसारखी घासायचा. शेपटीला बांबूच्या पानाची घडी तीही अगदी लहान. असा बाण सुटला की सूं करून सरळ रेषेत जाई. दरीच्या या कड्यावरून त्या कड्यावरचं पाखरू तो पाडायचा. नव्या वर्षाच्या जत्रेत खांबाला चिकट भाताच्या वड्या आणि डुकराच्या मांसाचे तुकडे टांगतात, ज्याचा बाण लागेल त्याने ते घरी न्यायचे. आदे नेहमी हातात न मावेल इतकं घेऊन परतायचा. बाप म्हणायचा की वड्यांना कातडं नसतं. आदे हसायचा.

अशाच एका जत्रेत मासा कुळातल्या नीमाने त्याला पाहिलं, किंवा त्याने तिला, यावर त्यांचं पुढे कधी एकमत झालं नाही. तिचा थोरला भाऊ खीपा आदेच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. लग्न झाल्यावर खीपा त्याला दाजी म्हणू लागला, पण चेष्टेने, आणि एकेरीतच. दोघांची शेतं एकाच डोंगराला होती. दोघांना मुलं झाली. आदेच्या थोरल्याचं नाव आपू, खीपाच्या मुलीचं दूमा. मामाची मुलगी भाच्याला द्यायची ही रीत असल्यामुळे दूमा पाळण्यात होती तेव्हाच नीमाने तिला सून ठरवून टाकलं होतं.

मका पिकायच्या दिवसांत खीपाच्या शेतात अस्वल येऊ लागलं. कणसं खायचं ते खायचं, वर अर्धं शेत लोळून आडवं करायचं. उन्हं कलल्यावर ते खालच्या झाडीतून वर चढतं हे माग काढून कळलं होतं. खीपाचं म्हणणं असं की दोघांनी मक्यातच बसावं आणि जवळून मारावं. आदेला ते पटलं नाही. शेताच्या बाजूने खोल ओघळ होती आणि ओघळीच्या पलीकडे एक खडक. तिथून सगळं शेत तळहातासारखं दिसे. आपला बाण तिथून सहज पोचतो, आणि तिथवर अस्वल येऊ शकत नाही, असं तो म्हणाला. मग खीपाने खालच्या बांधावर बुंध्याआड बसायचं ठरलं, म्हणजे बाण लागलेलं अस्वल खाली उतरलं तर दुसरा बाण त्याने मारावा.

अस्वल आलं. आदेने बचनागाचं विष माखलेला बाण सोडला, आणि तो जिथे हवा होता तिथेच, पुढच्या पायामागे लागला. नेमात काही खोट नव्हती. पण थंडीच्या तोंडावर अस्वलाच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. बाण बारीक, हलका, आणि इतक्या लांबून आलेला. तो चरबीतच रुतून राहिला. विष रक्ताला भिडलंच नाही. अस्वलाने मान वळवून बाण दातांनी मोडला आणि उतारावरून सरळ खाली धाव घेतली, खीपाच्या अंगावर.

खीपाचा बाण अस्वलाच्या डोक्यावरून गेला. आदेने धनुष्य पुन्हा ओढलं, ओघळीला वळसा घालून तो धावत आला, तोवर अस्वल झाडीत निघून गेलं होतं आणि खीपा पालथा पडला होता.

तो वाचला. बायकांनी उकळलेल्या पाण्याने जखमा धुतल्या, दुखणं सोसवेना तेव्हा अफू चाटवली. उजवा डोळा गेला. गाल खाली ओढला गेला तो तसाच सुकला, त्यामुळे बोलताना शब्द एका बाजूने येत. ज्या डोळ्याने नेम धरायचा तोच गेल्याने धनुष्य भिंतीला टांगलं ते टांगलं. गावाने आदेला दोष दिला नाही. अस्वलाच्या शिकारीत असं होतं. खीपाच्या घरच्यांनी भरपाईचं डुक्कर मागितलं असतं तर गावाने देववलं असतं, पण त्यांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर आदेला बरं वाटलं असतं. देऊन मोकळा झाला असता.

त्यानंतर तो खीपाच्या घरी जाईनासा झाला. शिकार मिळाली की वाटा पाठवायचा, तो नेमाने. स्वतः मात्र त्या वाटेने न जाता वरच्या अंगाने शेतावर जायचा, चढ जास्त असला तरी.

आणि बाणांचं त्याला वेड लागलं. घराच्या तुळईला दोरा बांधून त्याने बांबूच्या कामटीचा तराजू टांगला. एका टोकाला बाण, दुसऱ्या टोकाला परडीत मक्याचे दाणे. जुने बाण तोलून पाहिले, ते मूठभर दाण्यांनाही उचलेनात. मग तो बुडाकडची पेरं कापू लागला, मग त्याहून जाड, मग टोकाला टणक लाकडाची खुंटी ठोकून बसवू लागला. परडीतले दाणे वाढत गेले. लहान पोरं तराजू बघायला दारात जमत आणि खाली सांडलेले दाणे कोंबड्या टिपत.

हे बाण हातात धरले की भारी वाटत. उडत मात्र नसत. धनुष्य तेच होतं, जेमतेम ताकदीचं. बापाचं धनुष्य घरात होतं, पण ते ओढताना आदेच्या खांद्यातून कळ यायची. आपल्या धनुष्यावर जड बाण लावून तो नेहमीच्या अंतरावरून सोडी, आणि बाण अर्ध्या वाटेत नाक खाली घालून गवतात शिरे. त्या हिवाळ्यात त्याच्या घरी एक भेकर आलं नाही. आदे हल्ली पाखरांना काठ्या फेकून मारतो, असं लोक म्हणू लागले. जत्रेत त्याला एकही वडी लागली नाही.

नीमा सारं पाहत होती. एक दिवस चुलीवर मक्याच्या कण्या ढवळता ढवळता ती म्हणाली, "घरात मांस नाही, त्याचं मला काही नाही. कण्यांवरही माणसं जगतात. पण तुम्ही दादाच्या घरी शेवटचे कधी गेलात?"

आदे म्हणाला की मागे खारी मिळाल्या होत्या, त्या धाडल्या की.

"त्या आपूने नेल्या. मी तुमचं विचारतेय."

तो उठून तराजूकडे गेला. नीमाने पुढे काही विचारलं नाही. तिचा तो स्वभावच होता. एकदा बोलायची, आणि मग ते माणसाच्या आत पडून राहू द्यायची.

तो गेला नाही तेव्हा खीपाच आला. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या होत्या. अर्ध्या तोंडावर फडकं बांधून, काठी टेकत तो घरामागच्या उतारावर चढला. तिथे आदे कणसांच्या पाल्याच्या पेंढीवर बाण मारत होता. खीपा एका ओंडक्यावर बसला. आदेने मान हलवली आणि मारणं चालू ठेवलं. एक बाण पेंढीच्या अलीकडे पडला. दुसरा तिरका लागून गळून पडला. खीपाने सगळे पाहिले, मग म्हणाला, "दाजी, बाण जड केलास, ते बरं केलंस. तू स्वतः कुठे उभा आहेस?"

आदेने पायाखाली पाहिलं.

"अजून ओघळीच्या पलीकडेच उभा आहेस की."

त्या अपघाताविषयी दोघांमध्ये निघालेले हे पहिले शब्द. आदेने धनुष्य खाली ठेवलं. मग ते उचलून तो पेंढीच्या दिशेने चालत गेला आणि वाटेत थांबला. खीपा म्हणाला, अजून जवळ. आदे पुढे सरकला. तिथून त्याने बाण सोडला, तो पेंढीतून आरपार जाऊन मागच्या मातीत रुतला.

पुढचे कितीतरी दिवस दोघं तिथेच असत. पाला अस्वलासारखा नसतो म्हणून खीपाने घरून चरबीसकट डुकराचं कातडं आणलं आणि ते टोपलीवर ताणून बांधलं. नीमा म्हणाली की चरबी खायची असते, तिच्यावर बाण मारायचे नसतात. पण तिने अडवलं नाही, आणि संध्याकाळी तीच भोकं पडलेली चरबी कढवून भाजीत घातली. हलका बाण लांबून मारला की चरबीत अडके, जवळून मारला तर थोडा पुढे जाई, इतकंच. जड बाण लांबून पोचतच नसे, पण जवळून मारला की चरबी, टोपली, सगळं फोडून जाई. खीपाला एका डोळ्याने अंतर नीट कळत नसे. तो कानाने सांगायचा. हलका बाण शीळ घालतो, त्यामुळे जनावराला आधी कळतं. जड बाण मुका जातो. पण फार जड केला की धनुष्य धपकन वाजतं, मग मुकेपणाचा काय उपयोग? शेवटी त्यांना आदेच्या धनुष्याला पेलेल असं वजन सापडलं. पेर बुडाकडचंच, पण मागचा भाग घासून हलका केलेला, सगळा भार पुढे. तसा बाण दोन बोटांवर तोलला की टोकाकडे झुकायचा.

असा बाण वापरायचा म्हणजे जनावराचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ जायचं. यातून सुटका नव्हती. खीपा ते पुन्हा पुन्हा सांगायचा आणि आदे ऐकून घ्यायचा.

तेव्हापासून भात्यात काय घालायचं ते आदे घरूनच ठरवून निघू लागला. मका पिकायच्या दिवसांत फक्त जड बाण. झाडावर रानकोंबडे बसले तरी त्यांच्याकडे बघायचं नाही. एकदा ओघळीच्या पलीकडे, थेट उन्हात, कस्तुरीमृग उभा होता. जुना बाण असता तर आदेने तो जागीच पाडला असता. भात्यात जड बाण होते. हरीण खूर उचलून कान खाजवत होतं, ते त्याने निघून जाईपर्यंत पाहिलं आणि तो घरी आला. कस्तुरी विकली की वर्षाचं मीठ येई. त्याने हे नीमाला सांगितलं, तेव्हा ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

अस्वल पुन्हा आलं ते पुढच्या मक्याला. तेच होतं की दुसरं, कोण सांगणार. खीपा म्हणाला की तो बरोबर येणार. आदेने नको म्हणून पाहिलं. खीपा म्हणाला, "शेत माझं आहे. तू पाहुणा."

दोघं उन्हं कलण्याआधीच मक्यात जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून. वारा खालून वर येत होता. अस्वल आधी ऐकू आलं, ताटं मोडल्याचा आवाज, मग फुरफुर, मग कणीस चावल्याचा. पानांच्या फटीतून काळं अंग दिसू लागलं. आदेला ओघळीपलीकडचा तो खडक दिसत होता, आणि आपण तिथे का नाही असं त्याच्या मनात येऊन गेलं. अस्वल आणखी जवळ आलं. खीपाने त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. अस्वलाने कणसासाठी पुढचा पाय उचलला, तेव्हा आदेने खिट्टी दाबली.

आवाज जवळजवळ झालाच नाही. अस्वल हुंकारलं, माशी चावल्यासारखं आपल्या बगलेकडे वळलं. बाण शेपटीच्या पानापर्यंत आत गेला होता. ते उठलं, थोडं चाललं, बसलं, पुन्हा उठलं, आणि ओघळीत उतरून पाण्यापाशी आडवं झालं. हे सगळं होईपर्यंत दोघं जागचे हलले नाहीत. मग खीपा उठला. आदे ओघळीकडे बघत बसूनच राहिला. खीपाने त्याला उठवलं नाही, त्याच्याजवळ पुन्हा बसून राहिला आणि अर्ध्या तोंडाने हसला.

बाणाभोवतीचं, विष भिनलेलं मांस कापून फेकून दिलं, बाकीचं गावाने वाटून घेतलं. डोकं रीतीप्रमाणे आदेला मिळालं. कातडं त्याने स्वतः खीपाच्या दारापर्यंत नेलं. नीमाला वाटलं की आता सगळं सुरळीत होईल.

पण आपू लग्नाचा झाला, दूमाही लग्नाची झाली, तरी आदे काही मागणी घालायला जाईना. मागायचं बापानेच असतं, दारू घेऊन. नीमाने एकदा विचारलं, एकदाच. आपू आईशी भांडू लागला. दूमा पाणवठ्यावर आपूला म्हणाली म्हणे की तुझ्या बाला अस्वलाची भीती वाटत नाही, माझ्या बाची वाटते. तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या एका खेचरवाल्याच्या घरून मध्यस्थ खीपाकडे आला. चांगलं घर होतं. खीपाने त्याला जेवू घातलं आणि सांगितलं की विचारायचा पहिला मान दुसऱ्या एकाचा आहे, त्याचं तोंड उघडेपर्यंत थांबा. मध्यस्थाने हे वाटेतल्या सगळ्या घरांना सांगितलं.

आदेच्या कानावर आलं तेव्हा तो मधाची पोळी काढत होता. हात तसेच चिकट ठेवून तो खीपाच्या घरी गेला. खीपा चुलीपाशी बसला होता. दूमा आत सूत कातत होती. आदे दारातच उभा राहिला.

"दारू कुठाय?" खीपाने विचारलं.

"विसरलो."

"मग काय मागायला आलास?"

आदेने चिकट हात एकमेकांवर चोळले. मग म्हणाला, "तुझ्या तोंडाकडे बघितलं की मागवत नाही, आखी." लहानपणी तो खीपाला लाडाने आखी म्हणायचा.

खीपाने फडकं सोडलं, घाम पुसला, पुन्हा बांधलं. "मग दूमाकडे बघून माग," तो म्हणाला. "ती बरी दिसते."

आतलं सूत कातणं थांबलं. आदेने मागितलं. खीपाने होकार दिला, पण दारूशिवाय तो धरायचा नाही असंही बजावलं, आणि संध्याकाळी नीमा स्वतः दारूचं भांडं डोक्यावर घेऊन भावाच्या घरी आली. आदे आणि खीपाने गालाला गाल लावून एकाच वाडग्यातून दारू प्यायली, सोयरे पितात तशी. खीपाचा तो गाल बधिर होता, त्यामुळे बरीच दारू आदेच्याच अंगावर सांडली.

लग्न हिवाळ्यात झालं. पुढे बंदुका आल्या. आपू बंदूक वापरायला शिकला. आदे मधाच्या पोळ्यांत रमला. तो आणि खीपा भांडत राहिले, कधी शेताच्या बांधावरून, कधी नातीचं नाव काय ठेवावं यावरून, आणि ते भांडण ऐकायला शेजारी येऊन बसत.

खीपा आधी गेला, पावसाळ्यातल्या तापाने. जमीन उताराची, वाट निसरडी, आणि मासा कुळाचं दफन खाली नदीजवळ. आदे तेव्हा म्हातारा झाला होता. त्याने शवपेटीचं पुढचं टोक धरलं. उतारावर सगळा भार पुढेच येतो. वाटेत तरुण मुलं खांदा बदलायला पुढे आली, आपूही आला. आदेने कुणाला बदलू दिलं नाही. खाली पोचल्यावर त्याने नदीत हात धुतले, माती लोटेपर्यंत तो उभा राहिला आणि घरी येऊन दूमाने वाढलेल्या कण्या खाल्ल्या.